मुलांना बाहेर नेताना या चुका टाळा

बालवाडीतल्या मुलांना झाडाखाली बसवलं की निसर्गशिक्षण झालं, असं मानणाऱ्या ताई मला दर वर्षी भेटतात. सतरंजी अंथरायची, रांगा करायच्या, पान उंच धरून विचारायचं, "रंग कोणता?" मुलं एका सुरात, "हिरवाऽ!" हे वर्गातही झालं असतं.

एका ठिकाणी हेच चाललेलं असताना मागच्या रांगेतला चार वर्षांचा मुलगा पाठ फिरवून मुंग्या बघत होता. "समोर बघ" म्हणून त्याला सारखं दटावणं चालू होतं. शेवटी मी म्हटलं, "ताई, थोडा वेळ नुसत्या बसा, बोलू नका." मुलं मुंग्यांभोवती जमली. एकीने रांगेवरून आडवं बोट फिरवलं. मुंग्या तिथेच अडखळल्या, सैरावैरा झाल्या. "हिने रस्ता पुसला!" तो मुलगा ओरडला. मुंग्या वासाच्या मागावर चालतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग काडीचा पूल झाला, मुंग्यांचं घर कुठल्या बाजूला यावरून भांडण झालं. एरवी गप्प बसणारी पोरं सलग बोलत होती. तेवढ्यात ताईंनी "चला, मुंग्या मोजूया" म्हणत सगळं मोडलं!

मूल विचारेपर्यंत मी बाहेर एकही प्रश्न विचारत नाही. सुरुवातीला मुलं नुसती पळतात, ढकलाढकली करतात. लगेच "यातून काय शिकणार?" म्हणू नका. महिनाभर रोज त्याच जागी न्या. रोज नवी जागा म्हणजे सहल. बदल टिपायला जागा ओळखीची लागते.

दुसरी चूक खरेदीची. प्लॅस्टिकची घसरगुंडी आली की काम झालं असं वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली पालघरजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीच्या महागड्या शिक्षणसाधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे वापरले. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. पैसे नाहीत ही सबब मला पटत नाही.

"कपडे मळतील" म्हणणाऱ्या पालकांकडून जुने कपडे मागून घ्या.

आठवड्यातून एक तास बाहेर नेणं पुरत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली किमान 60 मिनिटं दमवणारी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गुंजा आणि बिट्ट्या (पिवळ्या कण्हेरीच्या बिया) मात्र खेळात नकोत, दोन्ही विषारी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोकेही देऊ नका, घशात अडकतात.