जर्मनीतलं एक सत्र परतल्यावरही उरावं म्हणून

कॉलेजात असताना एक सत्र परदेशात काढलं की माणूस बदलतो, असं सरसकट बोललं जातं. पण चार भारतीयांच्या फ्लॅटमध्ये राहिलं, सगळे कोर्स इंग्रजीतून केले आणि दर शनिवार-रविवारी एकेक शहर ‘करून’ आलं, तर दोन वर्षांनी हाताशी फोटोच उरतात. खरा परिणाम होतो तो राहण्याच्या जागेमुळे आणि भाषेमुळे, आणि तोही परतल्यावर टिकवावा लागतो. या सगळ्याची तयारी निघण्याआधी करायची असते. खालची माहिती जर्मनीपुरती आहे. महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्यातून, तिकडची वाट चांगली मळलेली आहे. मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमुळे जर्मन शिकायची सोयही जवळच आहे.

आधी वेळापत्रकाचं पाहू. तिथलं हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. हिवाळ्यातले तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि लगेच परीक्षा लागतात. आपलं सत्र जून-जुलैत सुरू होत असल्याने तारखा एकमेकींवर चढणारच. त्यामुळे हजेरी, अंतर्गत गुण आणि राहिलेले पेपर कधी द्यायचे हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी होकार दिलेले सर पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असतीलच असं नाही.

पूर्ण सत्राचा अभ्यास ३० ईसीटीएस क्रेडिट्सचा (अभ्यासाचा भार मोजायची युरोपातली पद्धत) धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम गृहीत असतं. एक्स्चेंजवाल्याने ३० घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. कॉलेजला आणि करारातल्या अटीला चालत असेल तर २० च्या आसपास थांबा आणि त्यात एक भाषेचा कोर्स धरा. तिथे कोणते कोर्स घ्यायचे याच्या करारावर, म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर सही होतानाच गुणांच्या रूपांतराचा तक्ताही मान्य करून घ्या. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. हे ठाऊक नसलेल्या परीक्षा विभागाला दहापैकी गुण देण्याची सवय असते, तिथे तुमचा १.७ हा छान निकाल भलताच दिसतो. आणखी एक सापळा म्हणजे परीक्षेची नोंदणी. कोर्सला नाव असलं तरी अनेक ठिकाणी परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती तारीख चुकली की सगळे तास बसूनही पेपर देता येत नाही.

व्हिसा आणि पैशांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून थोडक्यात. शिष्यवृत्ती नसेल तर ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढायची असं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा हिशेब महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा आहे. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करायची. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. खोलीचा सौदा करतानाच ‘ते पत्र द्याल ना?’ असं विचारा. टाळाटाळ झाली तर ती खोली सोडून द्या.

आता राहायचं कुठे? ‘श्टुडियरेनडेनवेर्क’च्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे प्रवेशाचं पत्र येताच अर्ज करा. अर्जात पर्याय असेल तर स्वतंत्र स्वयंपाकघराची खोली घेऊ नका. सहा-आठ जणांत एक स्वयंपाकघर असलेला मजला मागा. बाहेर राहायचं ठरलं तर ‘वेगे’, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं घर, शोधा. तिथे आधीचे राहणारे तुमची छोटी मुलाखत घेतात आणि त्यांना गुणपत्रिका नव्हे, तर स्वभाव पाहायचा असतो. एका घरात भारतीय दोनपेक्षा जास्त नकोत. कठोर वाटेल, पण तिसरा आला की घराची भाषा बदलते.

वेगेत खटके उडतात ते ठरावीक गोष्टींवरून. साफसफाईचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. आपली पाळी चुकली तर कोणी ओरडत नाही, पण नोंद सगळे घेतात. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची, म्हणजे मिक्सर, ड्रिलिंग, मोठ्याने व्हिडिओ कॉल बंद. कागद, वेष्टनं, ओला कचरा आणि उरलेला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. फोडणीचं मात्र सांभाळा. तेल धूर येईपर्यंत तापवून मोहरी टाकली की छतावरचा स्मोक डिटेक्टर बोंबलायला लागतो. मंद आचेवर, खिडकी उघडून, कढईवर झाकण ठेवून फोडणी करा आणि ती आमटी सगळ्यांना वाढा. वेगेतली मैत्री बहुधा जेवणाच्या टेबलावरच होते.

निघण्याआधी जर्मन किमान ए२ पर्यंत, म्हणजे ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतल्या दुसरीपर्यंत, आणा. त्यापेक्षा कमी असेल तर समोरचा तिसऱ्या वाक्याला इंग्रजीवर येतो आणि मग महिनोन्‌महिने तेच चालतं. बेकरी, पोस्ट, वाचनालय आणि वेगेचं स्वयंपाकघर इथे फक्त जर्मन बोलायचं, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातून टँडेम जोडीदार, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवणारा सोबती, मिळतो. आठवड्यातून दोनदा तासभर भेटा, अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची. वेळ घड्याळाने वाटून घ्या, नाहीतर ज्याची भाषा सोपी पडते तीच सगळा तास खाऊन टाकते.

याशिवाय दर आठवड्याला त्याच माणसांत जाण्याचा एक कार्यक्रम हवा, गायनवृंद, बॅडमिंटन, गिर्यारोहण, काहीही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे कोर्स स्वस्त असतात, पण नोंदणी सुरू होताच लोकप्रिय वर्ग भरतात. नोंदणीची वेळ आधीच पाहून ठेवा. जर्मन माणूस एका भेटीत मित्र होत नाही, आठव्या-दहाव्या भेटीत होतो. म्हणून दर शनिवार-रविवारी प्रवासाला जाणारा घाट्यात राहतो.

डिसेंबरमध्ये बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो. साधारण याच सुमारास ‘इथे काय करतोय मी’ असं वाटायला लागतं. परदेशी राहणाऱ्याचं मन आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर जातं, अशी मांडणी नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांवरून केली. त्यांच्या पाहणीत सहा महिन्यांच्या आत परतलेले लोक चांगले रुळलेले दिसले, सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी. हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. तरी एका सत्रासाठी गेलेल्याने एक शक्यता ध्यानात ठेवावी. तुम्ही कदाचित गोडीच्या काळातच परत याल आणि तो देश कळला असं वाटून घ्याल. जमत असेल तर वर्षभर राहा.

गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये या आलेखाला दुसरी घसरण जोडली, ती घरी परतल्यावरची. तिची तयारी कोणीच करत नाही. पहिल्या महिन्यात घरचे कौतुकाने ऐकतात. पुढे ‘आमच्याकडे जर्मनीत’ हे पालुपद झालं की आईसुद्धा उठून आत जाते. तुलना फक्त तिथे राहून आलेल्यांशीच करा. घरी मात्र काही करून दाखवा. आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक तुमचा आणि आपली भांडी आपण घासायची. वेगेत हे आपसूक व्हायचं, इथे कोणी सांगणार नाही.

जर्मनीतून निघण्याआधीची कामंही आठवणीने करा. पत्त्याची नोंद रद्द करा. डिपॉझिट बहुधा काही महिन्यांनी परत मिळतं, म्हणून तिथलं बँक खातं लगेच बंद करू नका, नाहीतर पैसे अडकतात. ट्रान्सक्रिप्ट यायला अनेक आठवडे लागू शकतात, म्हणून ती कोणत्या पत्त्यावर किंवा ईमेलवर येणार हे लिहून द्या. शिफारसपत्र हवं असेल तर प्राध्यापकांना तिथे असतानाच भेटा. सहा महिन्यांनी आलेल्या ईमेलवरून त्यांना तुमचा चेहराही आठवणार नाही.

भाषा सर्वांत आधी गंजते. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे मॅक्स म्युलर भवनची, बी१ (ए२ च्या पुढची पायरी) परीक्षा द्या. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे तिचे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. संभाषण आणि श्रवण आधी द्या, कारण ते तेव्हा ताजं असतं. लेखन नंतर तयारी करून द्या. टँडेम जोडीदाराशी आठवड्याचा कॉल चालू ठेवा. तिथली वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ बदलतं आणि अशा जोड्यांचा पहिला चुकलेला कॉल बहुधा त्याच आठवड्यात असतो.