लोकसभेचा नियम बदलायचाय? आधी ओळ पकडा

टीव्हीवर सभागृहातला गोंधळ बघून 'यांचे नियमच बदलायला हवेत' म्हणणारे आमच्या धायरीत पैशाला पासरी मिळतील. कोणता नियम, असं विचारलं की मंडळी चहाकडे वळतात. मी जिल्हा परिषदेत सामान्य प्रशासन विभागात होते. नोकरी ठरावांचे मसुदे करण्यात गेली, म्हणून ओळखीतले लोक असले कागद माझ्याकडे तपासायला आणतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आमच्या इमारतीतल्या काकांनी चार पानी निवेदन लिहून आणलं होतं. मागण्या चार: लोकसभा वर्षाला किमान १२० दिवस बसावी, पक्षादेशाची (व्हिपची, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत देण्याची) सक्ती कमी व्हावी, शून्य प्रहराला (प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेला) हक्काचा वेळ मिळावा, उपाध्यक्ष वेळेत निवडला जावा. चारही रास्त. पण प्रत्येकीचं टेबल वेगळं, आणि चुकीच्या टेबलावर गेलेला कागद तिथेच पडून राहतो.

म्हणून पहिलं काम वर्गवारीचं. अधिवेशन कधी बोलवायचं हा राज्यघटनेच्या कलम ८५ चा विषय. राष्ट्रपती ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बोलावतात, आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांचं अंतर पडू द्यायचं नाही, एवढंच बंधन. १२० दिवसांची शिफारस न्या. वेंकटचलय्या यांच्या आयोगाने २००२ मध्येच केली होती, पण ती लोकसभेचा नियम बदलून अमलात येणारी नाही. पक्षादेश घटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीत; ती १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती. शून्य प्रहर तर नियमपुस्तकात नाहीच. तो प्रथेने आणि अध्यक्षांच्या परवानगीने चालतो. राहिला उपाध्यक्ष. तो मात्र थेट नियम ८ मध्ये सापडतो. काकांना म्हटलं, तीन पानं बाजूला ठेवा.

नियमपुस्तक संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत फुकट मिळतं. उपाध्यक्षांचं प्रकरण वाचलंत तर गंमत दिसेल. अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राष्ट्रपती ठरवतात, उपाध्यक्षांच्या निवडणुकीची अध्यक्ष. मुदत मात्र कुठेच नाही. घटनेच्या कलम ९३ मध्ये 'शक्य तितक्या लवकर' एवढंच म्हटलंय. याचा परिणाम म्हणजे २०१९ ते २०२४ ची सतरावी लोकसभा अख्खी उपाध्यक्षाविना पार पडली. नियमपुस्तकाबरोबर 'अध्यक्षांचे निर्देश' ही वेगळी पुस्तिकाही पाहा. बारीकसारीक पद्धत बऱ्याचदा तिथे असते, आणि निर्देश अध्यक्ष स्वतः बदलू शकतात. तुमचा मुद्दा तिथला निघाला तर पत्र सरळ त्यांनाच लिहायचं.

आता मसुदा. सोसायटीच्या सभेत 'पार्किंगचं काहीतरी करा' म्हणणाऱ्याचं इतिवृत्तात एका ओळीत नाव येतं. उपविधीची दुरुस्ती लिहून आणणाऱ्यावर मतदान घ्यावं लागतं. लोकसभेलाही हाच हिशोब. एका पानावर तीन रकाने पाडा: सध्याची तरतूद, सुचवलेली तरतूद, कारण. काकांच्या कागदाचं शेवटी असं झालं. पहिल्या रकान्यात: 'उपाध्यक्षांची निवडणूक अध्यक्ष ठरवतील त्या तारखेस होईल.' दुसऱ्यात तेच वाक्य, आणि पुढे जोड: 'परंतु ही तारीख अध्यक्षांच्या निवडीपासून साठ दिवसांच्या आत असेल; पद मध्येच रिक्त झाल्यास रिक्त झाल्यापासून साठ दिवसांच्या आत.' हे मध्येच रिक्त होणं लोक हमखास विसरतात.

खरी मेहनत तिसऱ्या रकान्यावर घ्या. 'लोकशाहीचा गळा घोटला जातोय' वगैरे तिथे चालत नाही. कलम दाखवा. अध्यक्षांना राजीनामा द्यायचा झाला तर कलम ९४ प्रमाणे तो उपाध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो. अध्यक्षांचं पद रिकामं झालं तर कलम ९५ प्रमाणे त्यांची कामं उपाध्यक्ष पाहतात. अध्यक्षांना हटवण्याचा ठराव विचारात असताना कलम ९६ प्रमाणे त्यांना पीठासीन होता येत नाही. मग उपाध्यक्षच नसतील तर? एवढा प्रश्न लिहा आणि थांबा. सूरही सांभाळा. नियमबदलाच्या सूचना लोकसभेच्या नियम समितीकडे जातात. तिच्यात पंधरा सदस्य असतात, त्यांना अध्यक्ष नेमतात आणि समितीचे प्रमुखही अध्यक्षच. ज्यांच्या अधिकाराला तुम्ही मुदत घालू बघताय, कागद त्यांच्याच समोर जाणार.

यासाठी विधेयक लागत नाही. 'खासदारांकडून अशासकीय विधेयक मांडून घेऊ' असं उत्साहाने सांगणारे भेटतात; एक तर असं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याला १९७० पासून मुहूर्त लागलेला नाही, आणि दुसरं म्हणजे कलम ११८ प्रमाणे प्रत्येक सभागृह आपले नियम स्वतः करतं. नियम समिती शिफारस करते, तिचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवतात, आणि सात दिवसांत कुणा सदस्याने दुरुस्तीची सूचना दिली नाही तर शिफारशी मंजूर झाल्या असं धरलं जातं. नियम असे बदललेले आहेत. गोंधळ घालणाऱ्याला आपोआप निलंबित करणारा ३७४अ हा नियम २००१ मध्ये असाच आत आला. साठ दिवसांची मुदतही येऊ शकते.

समितीपर्यंत पोचायला खासदार हवा, आणि इथे पुणेकरांची पंचाईत होते. शहराचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्र्यांना प्रश्न विचारला जातो, ते विचारत नाहीत. सरकारला अवघड जाईल असा नियमबदल त्यांनी पुढे रेटावा ही अपेक्षाही फोल. पण स्वतःचा मतदारसंघ आधी तपासा. माझा पत्ता पुण्याचा, पण धायरी खडकवासला विधानसभेत येते, म्हणजे लोकसभेला बारामती. हडपसरवाले शिरूरमध्ये, चिंचवडवाले मावळमध्ये.

अधिवेशन चालू असताना जाऊ नका, खासदार दिल्लीत असतात. मधल्या काळात संपर्क कार्यालयात स्वीय सहायकांना आधी फोन करा, कागदाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. सत्काराची शाल वगैरे नको. एकच मागायचं: 'ही सूचना तुमच्या पत्रासोबत नियम समितीकडे पाठवा, आणि त्या पत्राची प्रत मला द्या.' ती प्रत हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. 'बघतो' हे उत्तर आवक नोंदवहीतही चढत नाही.

नागरिकांच्या याचिका तपासणाऱ्या लोकसभेच्या याचिका समितीचा दुसरा रस्ता आहे. याचिका मराठीत करता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद लागतो, त्यावर तुमची सही. भाषा संयमित, आणि शेवटी नेमकं काय हवं ते मागणं. मात्र अमुक विषय तिथे चालतो, अमुक नाही, अशा अटी बऱ्याच आहेत, म्हणून नियमबदलासाठी मी पहिलाच रस्ता सुचवते.

पाठपुरावा दर अधिवेशनाच्या आधी एका पत्राने करा, जुन्या पत्राचा दिनांक आणि विषय तोच ठेवून. आणि लोकसभा विसर्जित झाली की समित्याही संपतात. नवी नियम समिती नेमली गेली की तोच मसुदा नव्या तारखेने, नव्या खासदारांच्या पत्रासोबत पुन्हा पाठवायचा.