खाकी उतरवल्यावर: गोव्यात सुरक्षा क्षेत्रात उतरणाऱ्या निवृत्त पोलिसांसाठी

साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या निरीक्षकाला पहिलं बोलावणं बहुधा किनाऱ्यावरच्या हॉटेलातून, कॅसिनोतून किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातून येतं. पगाराचं बोलण्याआधी पेन्शनचे नियम वाचा. केंद्रीय नियमांत गट ‘अ’ (वरच्या श्रेणीतल्या) अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते.

स्वतःची एजन्सी काढायची असेल तर खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ वाचावाच लागेल. परवाना पाच वर्षांचा. शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, दोन ते पाच जिल्ह्यांसाठी १०,०००, सबंध राज्यासाठी २५,०००. परवाना मिळाल्यावर साठ दिवसांत सुपरवायझर नेमायचे आणि सहा महिन्यांत काम सुरू करायचं. गार्डचं वय १८ ते ६५ च्या आत हवं. गैरवर्तनावरून पोलीस दलातून बडतर्फ झालेल्याला ठेवता येत नाही, मग तो जुना बॅचमेट का असेना. माजी पोलिसांना प्रशिक्षण माफ नाही. केंद्राच्या नमुना नियमांत इतरांना वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष ६० तास आहेत, माजी पोलिसांना ४० आणि १६.

गणवेश शिवताना जपा. पोलिसांसारखा दिसणारा गणवेश गार्डने घातला तर गार्ड आणि मालक दोघांवरही गुन्हा होऊ शकतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरी चूक होते ती अधिकाराच्या सवयीत. दुकानातल्या चोराला खोलीत बसवून दोन थपडा मारून कबुली घेणं, पाकीट तपासणं, हे तुमच्या हातचं राहिलेलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्ती फक्त आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला (किंवा फरार घोषित आरोपीला) धरू शकते, आणि विनाकारण वेळ न घालवता, उशिरात उशिरा सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. पकडल्याची वेळ डायरीत लगेच लिहा. सायंकाळी आठवून लिहिलेली वेळ उलटतपासणीत टिकत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

स्थानकातल्या जुन्या सहकाऱ्याकडून कुणाच्या मोबाइलचं सीडीआर (कॉलची नोंद) ‘सहज’ मागवू नका. त्यात त्याची नोकरीही जाऊ शकते.

सीसीटीव्हीचं फुटेज मात्र लगेच वेगळं काढा, बहुतेक डीव्हीआर (फुटेज साठवणारी यंत्रं) काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहितात. असं फुटेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र यंत्र सांभाळणाऱ्याचं आणि तज्ज्ञाचं, असं दोघांचं लागतं, हॅश व्हॅल्यूसह (फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक). पेन ड्राइव्ह देतानाच ते तयार ठेवा.