युनियन करारानुसार लेखी तक्रार: कलम, मुदत आणि पोच

युनियन आणि व्यवस्थापन यांच्या करारात तक्रारीचं एक कलम असतं, बहुधा शेवटच्या पानांत. लिहायला बसण्याआधी ते वाचा. पहिली पायरी कोणाकडे, उत्तराला किती दिवस, उत्तर आलंच नाही तर पुढे कुठे, हे प्रत्येक कारखान्यात वेगळं असतं. बरेच जण करारातलं पगारवाढीचं पान तेवढं झेरॉक्स करून ठेवतात. पूर्ण प्रत घ्या.

मग ठरवा, ही तक्रार आहे की मागणी. ठरलेला रात्रपाळी भत्ता स्लिपमध्ये आला नाही, तर ती तक्रार. भत्ता वाढवून हवा असेल तर ती मागणी. ती मागणीपत्रात जाते आणि सहसा करार संपताना निघते. लैंगिक छळाचं प्रकरण मात्र या वाटेने नेऊ नका. ते अंतर्गत समितीकडे जातं, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत.

सुरुवात तोंडी करा: युनियनच्या कमिटी मेंबरला सोबत घेऊन सुपरवायझरला सांगा आणि त्याच दिवशी तारीख व उत्तर वहीत लिहून ठेवा. ‘बघतो, पुढच्या पगारात करू’ यावर विसंबून महिना गेला की करारातली मुदत उलटते. बऱ्याच तक्रारी इथेच मरतात. दोन-तीन दिवसांत हललं नाही तर लेखी द्या.

अर्ज एका पानाचा असावा. नाव, टोकन नंबर, खातं (विभाग) आणि मग मुद्दा: “६, ७ व ८ तारखेला रात्रपाळी केली. कलम १४ प्रमाणे देय भत्ता या महिन्याच्या पगारात जमा नाही. तो पुढील पगारात मिळावा.” एवढं पुरे. ‘माझ्यावर नेहमीच अन्याय होतो’ लिहिलं तर व्यवस्थापनाला उत्तरच द्यावं लागत नाही. एका अर्जात एकच तक्रार. दोन घातल्या की सोपी तेवढी मिटवून फाईल बंद होते. पगार स्लिप आणि हजेरीच्या नोंदीची झेरॉक्स जोडा, मूळ कागद देऊ नका.

तीन प्रती काढा: व्यवस्थापनाला, युनियनला आणि स्वतःला. तुमच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच हवी, कारण पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय ईमेल करा.

या काळात काम थांबवू नका. हुकूम चुकीचा वाटला तरी पाळा आणि त्याविरुद्ध तक्रार द्या. नाहीतर भत्त्याचा विषय बाजूला पडतो आणि आज्ञाभंगाच्या चार्जशीटला उत्तर देत बसावं लागतं. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सुपरवायझर आणि सेफ्टी ऑफिसरला ताबडतोब कळवा.

कराराखेरीज कायद्याचीही वाट आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी: जास्तीत जास्त १० सदस्य, दोन्ही बाजूंचे सारखे. वैयक्तिक तक्रारीचं कारण घडल्यापासून वर्षभरात अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचं असतं. निर्णय बहुमताने होतो, पण त्याला कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांची संमती लागते, नाहीतर निर्णय झालाच नाही असं धरतात. म्हणून बैठकीआधी आपल्या प्रतिनिधींना कागद दाखवून ठेवा.

निर्णय पटला नाही, किंवा ३० दिवस कोरडे गेले, तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं. हा अर्ज आपल्या युनियनमार्फतच करायचा असतो, तेव्हा वर्गणी थकवू नका. समेटाच्या मसुद्यावर सही करण्याआधी ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ अशी ओळ आहे का पाहा. तुमचा दावा फक्त भत्त्याचा असेल, तर त्या ओळीत ‘रात्रपाळी भत्त्यापुरता’ असं घालून घ्या.