पावसाळ्यात परसातली केळ रंगवताना

जलरंगातल्या निसर्गचित्रासाठी घाटमाथा गाठायची गरज नाही. परसातली केळ किंवा कुंडीतलं अळू वर्षभर पुरतं. रंगांच्या आधी ओळखायला शिकायची ती कागदावरची ओल.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), पूर्ण कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पोताचा) घ्यावा. ५६ × ७६ सेंमीच्या शीटचे आठ तुकडे केले की खर्च झेपतो. रंग स्टुडंट ग्रेडचे, म्हणजे शिकाऊंसाठीचे स्वस्त, चालतील, कागदात मात्र काटकसर नको. साध्या ड्रॉइंग पेपरला पाणी लागलं की तो फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि नवशिका स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ब्रश गोल, ६ आणि १२ नंबरचे. पाण्याची भांडी दोन, शिवाय एक सुती फडकं.

पेन्सिलीने पानाची कड आणि मधली शीर एवढंच आखा. शीर कोरी सोडा. पोस्टर कलरवर हात बसलेले इथेच फसतात, कारण गडदावर फिकट चढवायची सोय जलरंगात नाही. पानाच्या अर्ध्या भागावर स्वच्छ पाणी फिरवा आणि कागद तिरपा धरून बघा. पाणी लखलखत असेल तर थांबा. चमक मऊ झाली की रंग सोडा. ट्यूबमधला सॅप ग्रीन एकटा वापरला तर पान प्लॅस्टिकचं दिसतं. लेमन यलो, अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. ऊन पानातून आरपार येतं तिथे पिवळा वाढवा, पानावर आभाळ चकाकतं तिथे निळा. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून जरा गडदच लावा. वॉश, म्हणजे हा पाणीदार रंगाचा थर, अर्धवट वाळला की पिळलेल्या ब्रशने आडव्या शिरांच्या जागचा रंग टिपून उचला. केळीचं पान फाटतं तेही या शिरांच्याच दिशेने, हे विसरलं की फाटलेल्या कडा खोट्या वाटतात.

वॉश वाळत असताना जास्त पाण्याचा ब्रश लागला, तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तो लगेच पुसायला गेलात की चिखल झालाच. पूर्ण वाळू द्या, मग ओल्या ब्रशने कड नरम करा. पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो. हेअर ड्रायर चालतो, पण चमक गेल्यावरच, नाहीतर हवेने रंग ढकलला जातो.

उरलेले तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. दमट हवेत कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून केलेली प्रक्रिया) बिघडतं आणि रंग टीपकागदासारखा ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो. असा कागद पेन्सिल स्केचसाठी ठेवावा.