मोबाईल ट्यूनर लावून पेटी सुरात लावताना या चुका टाळा

मुक्ताबाईंची पालखी कोथळीहून पंढरीला निघायच्या आधीचा पंधरवडा खान्देशातल्या पेटीवाल्यांना दम घेऊ देत नाही. भजनी मंडळांच्या पेट्या एकदमच येतात. साडेतीन सप्तकांच्या डबल रीडच्या पेटीत 42 पट्ट्या, म्हणजे 84 रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभा). एकेक रीड दोन-तीनदा घासून तपासली, तरी एका पेटीपायी दोन-अडीचशे वेळा मोबाईलवरच्या ट्यूनरकडे, म्हणजे सूर चढा की उतरा ते काट्याने दाखवणाऱ्या ॲपकडे, बघणं होतं. माझी मान या बघण्यानेच धरली. कितीतरी वर्षं मी फोन मांडीजवळ सतरंजीवर ठेवून काम केलं. उजव्या खांद्यातून कळ करंगळीपर्यंत उतरू लागली, तेव्हा कुठे लक्षात आलं की दुखणं घासण्याचं नाही, वाकण्याचं आहे.

फोन खाली ठेवणं ही पहिली आणि सगळ्यात महागाची चूक. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो, आणि आपण तसे तासन्‌तास बसतो. पेटी चौरंगावर घ्या. बुडाखाली गोधडीची जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. फोन पेटीच्या पलीकडे, डोळ्यांच्या किंचित खाली, हातभर अंतरावर आणि अगदी समोर उभा करा. बाजूला ठेवलात तर मान एकाच अंगाला वळून आखडते.

इथे बहुतेक जण अडतात. फोन वर नेला की त्याचा माइक पेटीपासून लांब जातो, कूलरचा आवाज धरतो आणि काटा नाचायला लागतो. मग माणूस वैतागून फोन परत खाली ठेवतो. उपाय एकच: फोनचा पडदा आणि माइक वेगळे करा. पडदा डोळ्यांसमोर, माइक लाकडावर. लाकडाची थरथर पकडणारा छोटा क्लिपचा माइक मिळतो, तो पेटीच्या कडेला अडकवा आणि वायर फोनला जोडा. जोडल्यावर क्लिपवर टिचकी मारून बघा. काटा हलला नाही, तर फोन अजून स्वतःच्याच माइकने ऐकतोय. वायर किंवा जोडणी बदला.

एवढं करूनही काटा ठरत नसेल, तर दोन कारणं तपासा. एक म्हणजे दोन रीड एकदम वाजत असतात. दुसरी रीड कागदाची पट्टी सरकवून गप्प करा. दुसरं कारण तुमच्या डाव्या हातात असतं. भात्याचा दाब वाढला की रीडचा सूर किंचित उतरतो. हात थकला की दाब हलतो आणि काटाही हलतो. आपल्याला वाटतं रीड बिघडली, मग आपण ती उगाच घासत बसतो. घासलेलं पितळ परत येत नाही. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. असं खालीवर करत राहिलं की जीभ पातळ होऊन रीड वाया जाते. म्हणून एक सप्तक झालं की उठा, पाणी प्या, हात झटका.

घासल्या घासल्या आकडा वाचू नका. घासण्याने जीभ तापते आणि सूर खाली दिसतो. ती निवू द्या.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या आसपास जातो. पत्र्याखाली फोन तापला की पडदा आपोआप मंद होतो आणि आपण नकळत पुढे झुकतो. मी पहाटे पाचला बसतो आणि दहाला हात थांबवतो. पेटी आदल्या रात्रीच त्या खोलीत आणून ठेवतो, म्हणजे रीड आणि खोली एकाच तापमानाला येतात.

ज्यांच्याकडे मी शिकलो, ते काका मला फोनमध्ये डोकं घातलेलं पाहून म्हणाले होते, "पोरा, तुना कान कसाले शेतस?" (तुझे कान कशाला आहेत?) त्यांचं म्हणणं मला आज पटतं. एकाच पट्टीच्या दोन रीड जुळवताना फोन पालथा घाला. 440 हर्ट्‌झच्या आसपास दोन रीडमध्ये चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक असला, तर सेकंदाला साधारण एक लाट ऐकू येते: वाँव... वाँव. एक रीड ट्यूनरवर लावा, दुसरी कानाने तिच्याशी मिळवा, लाट लांबत लांबत विरेपर्यंत. निम्म्या रीड अशा कानाने लागतात, आणि तेवढा वेळ मान सरळ राहते.

एक राहिलंच. पितळेचा कीस तोंडाने फुंकू नका, तो डोळ्यांत उडतो. मऊ ब्रशने झाडा आणि साधा का होईना, चष्मा लावा.