लिनक्सवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क माउंट करून डेटा कॉपी कसा करायचा

जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग, चवथीचे फोटो, घुमट आरतीचं रेकॉर्डिंग, सगळं एकाच हार्ड डिस्कवर कोंबलेलं असतं आणि दुसरी कॉपी कुठेच नसते, तर ती आधी करून घ्या.

उबंटू किंवा मिंटवर डिस्क बहुतेक वेळा फाइल मॅनेजरमध्ये आपोआप दिसते, दिसली तर माउंटचा (डिस्क एका फोल्डरला जोडून उघडण्याचा) भाग सोडा. नाही दिसली तर टर्मिनलमध्ये एलएसबीएलके मारा, जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते. आपली डिस्क साइझवरून ओळखायची, नावावरून नको, कारण आतली डिस्क एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) असेल तर बाहेरचीच एसडीए (एरवी आतल्या डिस्कचं नाव) होऊन बसते. मग एमएनटी फोल्डरमध्ये सुडो (अ‍ॅडमिन हक्काने) एमकेडीआयआरने रिकामा फोल्डर करा आणि सुडो माउंट, पुढे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग (उदा. डेव्ह फोल्डरमधलं एसडीबी१), पुढे तो फोल्डर, झालं.

विंडोजवर वापरलेली एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटची) डिस्क कधीकधी नुसती वाचता येते, लिहिता येत नाही किंवा माउंटच होत नाही. बऱ्याचदा कारण फास्ट स्टार्टअप, विंडोज नीट बंदच झालेलं नसतं. उगाच फोर्स करू नका, डिस्क परत विंडोजला लावा आणि शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

कॉपीला माउसने ओढाओढी नको, आरसिंक ही कॉपीची कमांड वापरा: आरसिंक, डॅश एव्हीएचपी (पी तेवढा कॅपिटल), मग कुठून, मग कुठे. पावसात लायट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण अडॅप्टरवाली मोठी डिस्क जागीच मरते, अशा वेळी डिस्क परत माउंट करून तीच कमांड मारली की झालेल्या फायली सोडून पुढचं सुरू होतं. फक्त सोर्स फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो. खात्री नसेल तर एव्हीएचपीला एन जोडून आधी रंगीत तालीम करा, काहीच कॉपी होत नाही, नुसती यादी दिसते.

अख्ख्या नाटकाची ४ जीबीवरची फाइल फॅट३२ (जुन्या फॉरमॅटच्या) डिस्कवर जाणारच नाही, तिथे एक्सफॅट फॉरमॅट हवा, पण फॉरमॅट मारला की आहे ते सगळं गेलं हे लक्षात ठेवा.

१०० टक्के दिसलं म्हणून केबल ओढू नका, काही डेटा अजून रॅममध्येच असतो. सुडो यूमाउंट (स्पेलिंगमध्ये यूनंतर एन नाही), पुढे डिस्कचा फोल्डर, असं मारून डिस्क सोडवा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मोठ्या फायलींना वेळ लागतो. टार्गेट इज बिझी आलं तर बहुतेक तुमचंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं, नुसतं सीडी मारून बाहेर या आणि परत करा.